टेनिसचा सीझन नेमका चालतो कसा? आणि त्यातली पुण्याची तारीख कुठे गेली?

ऑक्टोबर २०२५. चीनमधल्या शांघायची मास्टर्स स्पर्धा. जगात २०४ व्या क्रमांकावर असलेला मोनॅकोचा व्हॅलेंटिन व्हाशरो पात्रता फेरी खेळून मुख्य स्पर्धेत आला, उपांत्य फेरीत त्याने नोव्हाक जोकोविचला हरवलं आणि अंतिम फेरीत स्वतःच्या मावस-चुलत नात्यातल्या भावाला, आर्थर रिंडरक्नेशला हरवून थेट करंडक उचलला. एवढ्या खालच्या क्रमांकाच्या खेळाडूने मास्टर्स १००० दर्जाची स्पर्धा जिंकण्याची ही पहिलीच वेळ. सोशल मीडियावर दोन दिवस एकच प्रश्न फिरत होता, हा माणूस आला कुठून?

उत्तराचा एक तुकडा पुण्यात सापडतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये हाच व्हाशरो बालेवाडीच्या कोर्टवर खेळत होता आणि त्याने पुण्याची चॅलेंजर स्पर्धा जिंकली होती. तेव्हा त्याची बातमी फार कुणी वाचली नाही.

शांघायच्या त्या एका आठवड्यात त्याला ११ लाख डॉलरपेक्षा जास्त बक्षीस मिळालं. त्याआधीच्या अख्ख्या कारकिर्दीत मिळून जेवढं कमावलं होतं, त्यापेक्षा हे जास्त होतं. टीव्हीवर दिसणारा टेनिसचा सीझन आणि खेळाडू प्रत्यक्ष जगतो तो सीझन, यातलं अंतर किती असतं ते या आकड्यात दिसतं.

मुळात सीझन म्हणजे काय?

क्रिकेटमध्ये आयपीएल दोन-अडीच महिने चालते, मग संपते. संघ ठरलेले, सामने ठरलेले, पगार लिलावात ठरलेला. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये यातलं काहीच नाही. इथे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे जवळपास अकरा महिने, दर आठवड्याला जगात कुठे ना कुठे स्पर्धा चालू असते. खेळाडूला संघ नाही, पगार नाही. कोणत्या आठवड्यात कुठे जायचं हे तो स्वतः ठरवतो, तिकीट स्वतः काढतो, आणि हरला की त्या आठवड्याची कमाई तिथेच थांबते.

हा सगळा कारभार एटीपी ही संघटना बघते. ती १९७२ मध्ये खेळाडूंची संघटना म्हणून सुरू झाली आणि १९९० पासून पुरुषांचा दौरा तीच चालवते. चार ग्रँड स्लॅम मात्र एटीपीच्या मालकीची नाहीत, त्या त्या देशाच्या संस्था ती भरवतात. तरी क्रमवारीचे गुण सगळ्यांचे एकाच वहीत जमा होतात.

गुणांची भाषा सोपी आहे. ग्रँड स्लॅम जिंकलं की २००० गुण. त्याखाली मास्टर्स १०००, मग ५००, मग २५०. नावातच आकडा आहे, जिंकणाऱ्याला तेवढे गुण. त्याच्याही खाली चॅलेंजर स्पर्धा, ज्यात विजेत्याला दर्जानुसार ५० ते १७५ गुण मिळतात. आणि सगळ्यात तळाला आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या छोट्या स्पर्धा, जिथे १५ किंवा २५ गुणांसाठी आठवडाभर घाम गाळावा लागतो.

केनवडमधून हा सीझन कसा दिसतो?

वाशीम जिल्ह्यात रिसोड तालुक्यातल्या केनवडसारख्या गावात बसून हे सगळं मोबाइलवर बघणाऱ्याला टेनिसचं वर्ष शेतीच्या वर्षाशी जोडून लक्षात ठेवता येतं. तारखांपेक्षा ते सोपंही आहे.

जानेवारीत तुरीची काढणी चालू असते तेव्हा मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपन असतं. तिथले दिवसाचे सामने आपल्याकडे पहाटे पाच-साडेपाचलाच सुरू होतात, म्हणजे शेतात जायच्या आधी एक-दोन सेट बघून होतात. मार्चमध्ये गहू-हरभरा घरात येतो तेव्हा अमेरिकेत इंडियन वेल्स आणि मायामी या दोन मास्टर्स स्पर्धा असतात. ऊन तापतं त्या एप्रिल-मे महिन्यांत खेळाडू युरोपातल्या लाल मातीवर जातात, माँटे कार्लो, माद्रिद, रोम, आणि मेच्या शेवटी पॅरिसला फ्रेंच ओपन. ते आपल्याकडे दुपारी अडीचच्या सुमारास सुरू होतं, नेमकं वामकुक्षीच्या वेळेला.

मृग बरसून पेरण्यांची लगबग सुरू झाली की हिरवळीचा मोसम. तो फक्त पाच-सहा आठवड्यांचा, त्यातच विम्बल्डन. तिथल्या सेंटर कोर्टचा पहिला सामना आपल्याकडे संध्याकाळी सहाला. पोळ्याच्या आसपास न्यूयॉर्कला यूएस ओपन, ज्याचे रात्रीचे सामने बघायचे तर पहाटे साडेचारचा गजर लावावा लागतो. सोयाबीनची सोंगणी चालू असते तेव्हा शांघाय. आणि रब्बीची पेरणी उरकेपर्यंत इटलीतल्या ट्युरिन शहरात वर्षातल्या पहिल्या आठ खेळाडूंची अंतिम स्पर्धा होते. २०२१ पासून ती तिथेच आहे. मग जेमतेम सहा आठवडे मोकळे, आणि पुन्हा जानेवारी.

हे अकरा महिने खेळाडूंना जड जातात, ही तक्रार नवी नाही. पूर्वी आठवड्यात संपणाऱ्या बहुतेक मास्टर्स स्पर्धा आता बारा दिवस चालतात. कार्लोस अल्काराझसारखा पहिल्या क्रमांकावर राहिलेला खेळाडूसुद्धा या वेळापत्रकावर जाहीरपणे बोललाय. पण थकवा ही वरच्या मजल्यावरची तक्रार आहे. खालच्या मजल्यावर अडचण वेगळी आहे.

क्रमवारी दर आठवड्याला का हलते?

एटीपीची क्रमवारी ५२ आठवड्यांच्या हिशेबावर चालते. आज मिळवलेले गुण पुढच्या वर्षी त्याच सुमाराला वहीतून पुसले जातात. तेव्हा तेवढे पुन्हा मिळवले नाहीत तर क्रमांक घसरतो. टेनिसवाले याला गुण 'डिफेंड' करणं म्हणतात. थोडक्यात, मागच्या वर्षीचं पीक यंदाच्या सातबाऱ्यावर चालत नाही.

सुमित नागलचं उदाहरण घ्या. २०२४ च्या सुरुवातीला तो १३७ व्या क्रमांकावर होता. ऑस्ट्रेलियन ओपनची पात्रता फेरी खेळून तो आत गेला आणि पहिल्याच फेरीत त्याने ३१ व्या मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला सरळ सेटमध्ये हरवलं. ग्रँड स्लॅम एकेरीत भारतीय पुरुषाने मानांकित खेळाडूला हरवण्याची ही ३५ वर्षांनंतरची वेळ होती. त्याआधी १९८९ मध्ये रमेश कृष्णनने मॅट्स विलँडरला हरवलं होतं. पुढच्याच महिन्यात नागलने चेन्नईची चॅलेंजर जिंकली, १०० गुण मिळवले आणि पहिल्या शंभरात शिरला. जुलै २०२४ मध्ये तो ६८ व्या क्रमांकावर होता.

मग वर्ष फिरलं. चेन्नईचे गुण गेले, जूनमध्ये जर्मनीत हाइलब्रॉनची चॅलेंजर जिंकून मिळवलेले गुण गेले, आणि त्या जागी तेवढे नवे आले नाहीत. २०२५ च्या उत्तरार्धात तो पहिल्या दोनशेतही नव्हता. खेळाडू तोच, पण वहीची पानं उलटली होती.

शंभर या आकड्याला एवढं महत्त्व का? कारण साधारण पहिल्या शंभरातल्या खेळाडूंना ग्रँड स्लॅमच्या मुख्य स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. आणि तिथे पहिल्या फेरीत हरलं तरी पैसे मिळतात. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १ लाख २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होते आणि दुसऱ्या फेरीपर्यंत गेलेल्या नागलला १ लाख ८० हजार, म्हणजे रुपयांत ९०-९५ लाखांच्या पुढे.

एका सीझनला खर्च किती येतो?

याच नागलने ऑस्ट्रेलियाच्या चार महिने आधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, पीटीआय या वृत्तसंस्थेला सांगितलं होतं की आपल्या बँक खात्यात साधारण ८० हजार रुपये उरलेत. तेव्हा तो भारताचा एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता! त्या वर्षी तोवर २४ स्पर्धांमधून त्याने सुमारे ६५ लाख रुपये मिळवले होते, आणि एक प्रशिक्षक सोबत घेऊन वर्षभर फिरायचा खर्च ८० लाख ते एक कोटी, असा त्याचा हिशेब होता. त्यात फिजिओ धरलेला नव्हता. म्हणजे देशातला सर्वोत्तम खेळाडू तोट्यात सीझन खेळत होता.

आता त्याच्याही खालचा हिशेब मांडू. १५ हजार डॉलर एकूण बक्षिसाच्या स्पर्धेत जिंकणाऱ्याला २,१६० डॉलर मिळतात. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला दीडशे डॉलरच्या आसपास. यातून कर कापला जातो. उरलेल्यात विमानाचं तिकीट, हॉटेल, रॅकेटच्या तारा आणि जेवण बसवायचं असतं. जिंकणारासुद्धा त्या आठवड्यात फार तर बरोबरीत सुटतो. या पायरीवर तीन-चार वर्षं काढावी लागतात, तीही घरच्यांच्या पैशावर.

एटीपीला हे दिसत नाही असं नाही. २०२३ मध्ये त्यांनी किमान उत्पन्नाची योजना जाहीर केली. पहिल्या शंभरातल्याला वर्षाला किमान ३ लाख डॉलर, १०१ ते १७५ क्रमांकांसाठी दीड लाख आणि १७६ ते २५० साठी ७५ हजार डॉलर. कमी पडेल तेवढं एटीपी भरून देणार. योजना चांगलीच आहे, पण ती २५० व्या क्रमांकाला थांबते. अडचणीतली बहुतेक मुलं त्या रेषेच्या खाली आहेत.

मग यात महाराष्ट्र कुठे येतो?

खर्चाच्या या गणितात एक गोष्ट सगळं बदलू शकते, घरच्या मैदानावरचा आठवडा. तिकीट नको, व्हिसा नको, हॉटेल नको. शिवाय यजमानांना काही खेळाडू क्रमवारी न बघता थेट स्पर्धेत घेण्याचा अधिकार असतो. त्याला वाइल्ड कार्ड म्हणतात. ज्या देशात स्पर्धा जास्त, त्या देशातल्या मुलांना अशा संधी जास्त. इटली आणि फ्रान्समधून खेळाडूंची रांग का लागते, याचं एक कारण त्यांच्या कॅलेंडरमध्ये आहे.

भारताकडे एटीपी दौऱ्यातला असा एक आठवडा होता. १९९६ मध्ये तो दिल्लीत सुरू झाला, १९९७ पासून चेन्नईत होता. राफेल नदाल तिथे २००८ ची अंतिम फेरी हरला, स्टॅन वावरिंकाने ती स्पर्धा चार वेळा जिंकली. २०१७ नंतर हा आठवडा पुण्यात आला. महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेने राज्य सरकारच्या पाठबळावर पाच वर्षांसाठी यजमानपद घेतलं आणि १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात २०१८ च्या १ जानेवारीला पहिला चेंडू उडाला. एटीपीचा सीझन जगात जिथे सुरू होतो, त्या मोजक्या शहरांत पुण्याचं नाव आलं.

पहिल्या वर्षी मरिन चिलिच आणि केविन अँडरसन ही मोठी नावं होती, जिंकला मात्र बिगरमानांकित फ्रेंच खेळाडू जिल सिमोन. २०१९ ची अंतिम फेरी बघणाऱ्यांच्या मानेला व्यायाम देणारी होती. ६ फूट ८ इंचांचा अँडरसन आणि ३९ वर्षांचा, ६ फूट ११ इंचांचा इव्हो कार्लोविच. तिन्ही सेट टायब्रेकवर गेले आणि अँडरसन जिंकला. २०२० मध्ये एटीपी कप या नव्या सांघिक स्पर्धेने जानेवारीचे पहिले दिवस घेतले, म्हणून पुणे फेब्रुवारीत ढकललं गेलं. यिरी व्हेसेली विजेता. २०२१ कोरोनात गेलं. २०२२ मध्ये जोआओ सौसा जिंकला. २०२३ मध्ये पुन्हा जानेवारीचा पहिला आठवडा मिळाला आणि नेदरलँड्सच्या टॅलन ग्रिक्सपूरने इथे कारकिर्दीतलं पहिलं एटीपी विजेतेपद मिळवलं.

एकेरीत भारतीय नाव विजेत्यांच्या यादीत नाही. दुहेरीत आहे, दोनदा. २०१९ मध्ये रोहन बोपण्णा आणि दिविज शरण, २०२२ मध्ये बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन. दोन वर्षांनी, ४३ व्या वर्षी, बोपण्णा दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर गेला.

पुण्याच्या मुलांसाठी हे आठवडे काय होते, ते २०२३ मध्ये दिसलं. पुण्याचाच मानस धामणे वाइल्ड कार्डवर मुख्य स्पर्धेत उतरला तेव्हा तो १५ वर्षांचा होता. अमेरिकेच्या मायकेल मोहकडून तो ६-२, ६-४ असा हरला. निकालात नवल काही नव्हतं. पण पंधराव्या वर्षी एटीपीच्या मुख्य स्पर्धेत दोन सेट खेळायला मिळणं ही गोष्ट पैसे मोजून मिळत नाही. सराव मात्र तो इटलीतल्या रिकार्डो पियाटी यांच्या केंद्रात करत होता. यानिक सिनर घडला तेच हे केंद्र.

तारीख गेली कशी?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. एटीपी स्पर्धा शहराची नसते. ती एक परवाना असते, आणि परवाना ज्याच्याकडे, तो ती हलवू शकतो. चेन्नईहून पुण्याला जशी आली, तशीच ती पुण्याहूनही गेली. २०२३ ची स्पर्धा ही पाचवी आणि शेवटची ठरली. २०२४ च्या वेळापत्रकात त्या आठवड्यात पुण्याच्या जागी हाँगकाँग दिसलं, जिथे २००२ नंतर पहिल्यांदाच एटीपी स्पर्धा होत होती. गंमत म्हणजे पुण्यात २०२२ ला उपविजेता राहिलेला एमिल रुसुवुओरी हाँगकाँगच्या त्या पहिल्याच अंतिम फेरीतही हरला, या वेळी आंद्रे रुब्लेव्हकडून.

पुण्याची एक अडचण भूगोलाचीही होती. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ज्याला मेलबर्न जिंकायचंय, तो ब्रिस्बेनला जाणं पसंत करतो. तिथे वेळ, हवा, कोर्ट सगळं ऑस्ट्रेलियन ओपनशी जुळतं. पुण्याहून मेलबर्न म्हणजे लांबचा विमानप्रवास आणि घड्याळात साडेपाच तासांचा फरक. त्यामुळे मोठ्या खेळाडूंना इथे आणायला यजमानांना जास्तच खटपट करावी लागायची. शिवाय २५० दर्जाच्या स्पर्धा कमी करायच्या, असं एटीपीचं धोरणच आहे. वर मोठ्या स्पर्धा लांबल्या की खालच्या आठवड्यांना जागा उरत नाही. सौदी अरेबियाला नवी मास्टर्स स्पर्धा द्यायचंही जाहीर झालंय.

हे नुकसान फक्त प्रतिष्ठेचं आहे असं मानणं चूक ठरेल. दरवर्षी वाइल्ड कार्डच्या जागा, पात्रता फेरीतल्या जागा, चेंडू उचलणाऱ्या मुलांपासून पंच आणि कोर्ट सांभाळणाऱ्यांपर्यंतचा अनुभव, हे सगळं एका तारखेबरोबर गेलं.

आता काय उरलंय?

चॅलेंजर. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेन्नई, बंगळुरू, पुणे आणि दिल्ली अशा सलग चार चॅलेंजर स्पर्धा भारतात झाल्या. पुण्याची 'महाओपन' १०० गुणांची होती, तीच व्हाशरोने जिंकली. चमक कमी, पण क्रमवारीत १५० ते ४०० च्या दरम्यान अडकलेल्या खेळाडूसाठी अशा चार आठवड्यांचा उपयोग एका मोठ्या स्पर्धेपेक्षा जास्त असू शकतो. चेन्नईच्या याच आठवड्याने नागलला शंभरात नेलं होतं.

दुसरा रस्ता दुहेरीचा. पुण्याचा अर्जुन कढे अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून खेळला, मग वर्षानुवर्षं छोट्या स्पर्धांमध्ये फिरला. ऑक्टोबर २०२४ मध्ये कझाकस्तानातल्या अल्माटीत त्याने रित्विक बोल्लीपल्लीच्या साथीने दुहेरीचं एटीपी २५० विजेतेपद मिळवलं. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. कढेने घेतलेला कॉलेजचा मार्गही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. शिष्यवृत्ती मिळाली तर खेळ आणि पदवी दोन्ही होतं, आणि सुरुवातीच्या तोट्याच्या वर्षांपैकी चार तरी विद्यापीठाच्या खर्चाने निघतात.

ड्रॉमधली ती अक्षरं कशाची?

पुढच्या वेळी एखाद्या स्पर्धेचा तक्ता मोबाइलवर उघडलात तर खेळाडूच्या नावाआधी काही इंग्रजी अक्षरं दिसतील. आकडा असेल तर ते मानांकन. 'डब्ल्यूसी' म्हणजे वाइल्ड कार्ड, यजमानांनी दिलेली जागा. 'पीआर' म्हणजे दीर्घ दुखापतीनंतर जपून ठेवलेल्या जुन्या क्रमांकावर मिळालेला प्रवेश. 'एलएल' म्हणजे लकी लूजर, पात्रता फेरीत हरला पण कुणीतरी माघार घेतल्यामुळे आत आला. आणि 'क्यू' म्हणजे क्वालिफायर, मुख्य स्पर्धा सुरू होण्याआधीचे सामने जिंकून आलेला. शांघायच्या तक्त्यात व्हाशरोच्या नावाआधी हेच अक्षर होतं. पात्रता फेरीच्या यादीतही तो आधी थेट नव्हता, इतरांनी माघार घेतल्यावर त्याचा नंबर लागला होता.